उलटं टेबल

नवापूरला चहासाठी थांबलो होतो, एवढंच.
सुरतेतला बारा वर्षांचा संसार
टेम्पोनं पुढे गेलेला, भुसावळला.
मागून गाडीत आम्ही दोघं,
नाजूक तेवढं घेऊन:
आरसा, लोणच्याची बरणी, मिक्सरचं भांडं,
आणि हेमकांतचं बोलणं,
जे कंपनी बंद पडल्यापासून
जपूनच न्यावं लागतं.

टपरीशेजारी लाकडाचा भुसा उडत होता.
पत्र्याखाली पलंग, देव्हारे,
एक नुसतीच चौकट,
तिच्यातून पलीकडची मोटारसायकल दिसायची.
आणि कोपऱ्यात, पोतं पांघरून, टेबल.

मी हात फिरवला.
एकदा हात फिरवला की संपलं,
हे आईला साडीच्या दुकानात
कितीदा पाहिलंय.

सुपडू मिस्तरी मूळचा पिंपळनेरचा.
"बठ्ठं साग शे, ताई. फळीले जोड नई."
मग किंमत सांगायच्या आधी
त्यानं विचारलं,
"घर सोतानं का भाडानं?"
हेमकांत म्हणाला, "तिसरा मजला."

अकरा हजार.
मी साडेसहा म्हणाले.
तो रंधा मारत राहिला.
हेमकांत रस्त्याकडे बघत राहिला,
जणू ही बाई कोण, कुठली.
साडेआठला सुपडूनं
कानामागची पेन्सिल काढली,
तिच्याकडे पाहिलं, परत खोचली.
झालं.
"आनि खुर्च्या?"
आम्ही गाडीच्या टपाकडे पाहून हसलो.
दोघंही. एकाच वेळी.

टेबल उलटं बांधलं, चारी पाय वर.
विसरवाडीला पोरं बोटं दाखवून ओरडली.
कोंडाईबारीच्या घाटात
दोर गुणगुणायला लागला
तेव्हा हेमकांतनं वेग इतका कमी केला,
जसं कुणाला टाके घालून घरी नेतोय.

साक्रीच्या पुढे उतरलो, दोर आवळायला.
तेव्हा दिसलं.
फळीच्या पोटावर, पेन्सिलनं,
दुपारच्या उन्हाकडे तोंड करून:

दिगंबर आप्पा, दोंडाईचा.
५ बाय ३. खुर्च्या ६.
घाई आहे.

पावतीवर सुपडूचा नंबर होता.
लावायचा का, मी विचारलं.
हेमकांत म्हणाला, राहू दे.
कसली घाई, आणि मग का आले नाहीत,
हे कळलं असतं
तर टेबल तिथंच रस्त्यात उतरवावं लागलं असतं
असं काहीतरी वाटलं. मलाही.

पारोळ्याच्या अलीकडे तो आपणहून बोलला.
"सहा म्हणजे चार घरचे, दोन पाहुणे."
मी म्हटलं, घरचे दोनच.
"मग पाहुणे चार."
एरंडोलपर्यंत आम्ही माणसं बसवत होतो:
त्याचा भाऊ, वहिनी,
माझी शहाद्याची मावसबहीण,
जिला वाटाणे चालत नाहीत.
एक खुर्ची उरली.
बराच वेळ उरली.
मग त्यानं तिथं कंपनीतल्या तळवेलकरला बसवलं,
ज्याचं नाव मार्चपासून
घरात निघालेलं नव्हतं.
"बसू दे," म्हणाला. "जेवून जाईल."

जळगावात चटई घेतली,
हिरवी, प्लास्टिकची, दोनशे साठला.
मागच्या सीटवर तेवढीच मावत होती.

तिसऱ्या मजल्यावर टेबल चढवायला चार माणसं लागली.
दुसऱ्या वळणावर भिंतीचा पोपडा निघाला,
खालचे काका अजून बोलत नाहीत.

खुर्च्या पुढच्या महिन्यात, असं दर महिन्यात ठरतं.
सध्या टेबलावर लाइटबिलं, हेल्मेट,
रावेरच्या केळ्यांची फणी, त्याचे अर्ज.
आम्ही जेवतो खाली, चटईवर,
टेबलाच्या पायाला पाठ लावून.
कळण्याची भाकरी मोडताना
मान जरा तिरकी झाली
की दिसतं वर:
घाई आहे.

काल तोंडात घास असतानाच
हेमकांत म्हणाला,
"आप्पांना कळवायला हवं,
पोचलं म्हणून."